एक लिहितो, दुसरा तपासतो
नवागतांची भाषा आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

(वर्षावासानिमित्त माथेरान येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुरुवातीलाच सांगतो, मी संगणकतज्ज्ञ नाही. मराठी विषय घेऊन बी. ए. झालो आणि गेली बावीस वर्षे बँकेत कारकुनी करतो आहे. परंतु काउंटरच्या काचेपलीकडे उभा असलेला माणूस मी रोज पाहतो. तो कागद हातात घेऊन उभा असतो आणि त्या कागदावर काय लिहिले आहे हे त्याला कळत नसते. आज मी जे बोलणार आहे ते या माणसाविषयी आहे. यंत्राचा विषय त्याच्या मागोमाग येईल.

माझे वडील याच माथेरानमध्ये हातरिक्षा ओढत असत. लुईझा पॉइंट, पॅनोरमा पॉइंट, शार्लट लेक ही सर्व नावे ते अगदी स्वच्छ उच्चारत. मात्र हीच नावे पाटीवर लिहिलेली त्यांना वाचता येत नसत. गुजराती शेठजींशी चार शब्द गुजरातीत, दिल्लीच्या पाहुण्यांशी हिंदीत, एखाद्या साहेबाशी दोन शब्द इंग्रजीत, असे ते बोलत. कोणत्याही वर्गात बसून ते हे शिकले नव्हते. चढावर दम लागलेला असताना कानावर जे पडले, ते त्यांनी उचलले. बोलण्यावर त्यांची मजुरी चालली. पण समोर कागद आला की ते दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत. मी चौथी-पाचवीत गेल्यावर ते प्रत्येक कागद माझ्यापुढे धरून विचारीत, "बघ रे, बरोबर लिहिलंय ना?" हा प्रश्न आपण लक्षात ठेवावा. मला जे सांगायचे आहे ते सर्व या एका प्रश्नात आहे.

आज आपल्या भागात नवागत कोण, याचा प्रथम विचार करू. माथेरानच्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा आणि नेपाळमधून आलेली मुले काम करतात. खाली खोपोली-रसायनीच्या कारखान्यांत आणि कर्जत-नेरळच्या इमारतींच्या बांधकामांवर असेच दूरदूरचे कामगार आहेत. हे झाले पहिल्या प्रकारचे नवागत. त्यांना मराठी येत नाही. काहींना हिंदीही धड येत नाही.

दुसऱ्या प्रकारचे नवागत म्हणजे ज्यांना आपल्याच तालुक्यात नव्याने वसावे लागले ते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. जे ठाकर बांधव वाचले ते डोंगरावरून खाली चौक परिसरात आले. घर बदलले की माणसाचे कागद बदलतात, कचेऱ्या बदलतात, रोजचे शब्दसुद्धा बदलतात. वाडीवर ज्याला कधी अर्ज लिहावा लागला नव्हता, त्याच्यापुढे अर्जांची चळत येऊन पडते.

तिसरा प्रकार आपल्या लक्षातच येत नाही. तो म्हणजे कातकरी वाडीवरचे पहिलीतले मूल. जंगलातील खैराच्या लाकडापासून कात काढणारे म्हणून ज्यांना कातकरी नाव पडले, ते या डोंगरांचे जुने रहिवासी. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड हे महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी गट आहेत. हे मूल घरात कातकरी बोलते आणि शाळेत त्याला पुस्तकातली मराठी भेटते. दिवाळीनंतर आईबापांबरोबर ते वीटभट्टीवर जाते आणि पावसाच्या तोंडावर परत येते. ज्यांची ही भूमी, त्यांचेच मूल शाळेच्या दारात नवागत म्हणून उभे असते.

या तिघांना भाषा कोणी शिकवायची? चांगली कामे झालेली आहेत. विधायक संसद या संस्थेने १९९० च्या दशकात ठाणे जिल्ह्यातील वीटभट्ट्यांवर भोंगा शाळा काढल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरच्या मजुराची झोपडी. मूल शाळेपर्यंत पोहोचत नव्हते, म्हणून शाळा भोंग्यापर्यंत गेली. केरळच्या साक्षरता मिशनने परप्रांतीय कामगारांना मल्याळम शिकविण्यासाठी 'चंगाती' नावाची योजना काढली. चंगाती म्हणजे मित्र. तेथील एर्नाकुलम जिल्ह्यात २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'रोशनी' उपक्रमात कामगारांच्या मुलांना त्यांच्या मातृभाषेचा हात धरून मल्याळम शिकविले गेले. कॅनडासारखा देश १९९२ पासून स्वतंत्र योजना आखून सरकारी खर्चाने नवागतांना भाषा शिकवीत आला आहे. आपल्याकडे मात्र 'यांना मराठी येत नाही' ही तक्रार सर्वांच्या तोंडी असते, आणि 'चला, मी शिकवतो' म्हणणारा क्वचित भेटतो. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, याचा आपल्या सर्वांना आनंद आहे. पण नव्या माणसाला दमदाटी करून भाषा वाढत नाही. ती त्याच्या तोंडात बसावी लागते, आणि त्यासाठी कोणीतरी त्याच्याशेजारी बसावे लागते.

आता यंत्राकडे वळतो. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी लोकांसाठी खुले झाले आणि त्यानंतर अशी अनेक यंत्रे आली. आपण साध्या भाषेत प्रश्न विचारावा आणि त्याने सलग, नीटनेटके उत्तर लिहून द्यावे, अशी ही सोय आहे. ते चालते कसे? या यंत्राला अफाट मजकूर वाचायला दिलेला असतो. कोणत्या शब्दांनंतर कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे ते त्यातून शिकते आणि त्या अंदाजाने पुढचा पुढचा शब्द मांडत जाते. रोज वंदना ऐकणारे लहान मूल अर्थ न समजताही ओळीचा शेवट बरोबर म्हणते, काहीसा तसा हा प्रकार आहे. फरक इतकाच की या मुलाने लाखो ग्रंथ ऐकलेले आहेत. म्हणून त्याची भाषा सफाईदार असते. परंतु सफाई निराळी आणि खरेपणा निराळा. माहीत नसलेली गोष्टसुद्धा ते तितक्याच सफाईने सांगते.

याचा अनुभव मला आला, आणि तो सांगताना मला थोडी लाज वाटते. हॉटेलात भांडी घासणारा बिहारचा एक तरुण बँकेत येत असे. इथे रेशनचे धान्य मिळेल का, असे त्याने मला विचारले. मला नक्की ठाऊक नव्हते. त्याने मोबाईलमध्ये अशाच एका यंत्राला हिंदीत प्रश्न केला. उत्तर सुंदर आले, क्रमांक घालून, मुद्देसूद. गावच्या शिधापत्रिकेतून नाव कमी करा, तसा दाखला आणा आणि मग इथे नव्या पत्रिकेसाठी अर्ज करा, असे त्यात होते. मी ते वाचले आणि मान डोलावली. इतके व्यवस्थित लिहिलेले चुकीचे असेल, अशी शंकाही मला आली नाही. त्याने गावी भावाला फोन केला आणि भावाने नाव कमी करण्याचा अर्ज देऊन टाकला.

पुढे आमच्या नात्यातील एका रेशन दुकानदाराशी सहज विषय निघाला, तेव्हा मला खरी गोष्ट कळली. 'एक देश, एक रेशनकार्ड' या योजनेखाली राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यातील लाभार्थी देशात कुठल्याही रेशन दुकानातून आपल्या वाट्याचे धान्य उचलू शकतो. जून २०२२ मध्ये आसाम सामील झाल्यावर ही योजना सर्व राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत लागू झाली. पत्रिका आधारशी जोडलेली असली की दुकानातील यंत्रावर अंगठा लावायचा, एवढेच काम. कामगाराने आपला वाटा इथे उचलावा आणि घरच्यांनी त्यांचा वाटा गावी उचलावा, हीसुद्धा सोय त्यात आहे. यंत्राने सांगितलेली रीत जुन्या काळातली होती. त्या तरुणाचे नाव पत्रिकेत पुन्हा चढायला चार महिने गेले. चार महिन्यांचे धान्य त्याने दुकानातून विकत घेऊन खाल्ले. त्याने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. "साहेब, तुम्हीसुद्धा वाचलं होतं ना," एवढेच तो म्हणाला. ते वाक्य अजून माझ्या मनातून जात नाही.

मित्रहो, बँकेत आमच्याकडे एक साधा नियम असतो. एक जण नोंद करतो आणि दुसरा ती तपासून मंजूर करतो. नोंद कितीही सुबक असली तरी दुसऱ्याची मंजुरी मिळाल्याशिवाय रक्कम हलत नाही. चूक झाली तर दोघांनाही खुलासा द्यावा लागतो. त्या दिवशी मी तपासणाऱ्याच्या जागी उभा होतो आणि न तपासताच मान डोलावली. बँकेत असे केले असते तर मला लेखी जाब विचारला गेला असता. गरिबाच्या धान्याच्या बाबतीत मला कोणी जाब विचारला नाही. म्हणून माझे सांगणे एवढेच आहे की हे यंत्र अवश्य वापरावे, पण लिहिणारा म्हणून वापरावे. तपासणारा माणूसच असला पाहिजे, आणि तो आपल्यापैकी, नावानिशी ओळखता येणारा असला पाहिजे. यंत्राला भाषा येते. जबाबदारी घेता येत नाही.

मग ते वापरायचे कुठे? गेल्या हिवाळ्यात आपल्या विहारात रविवारी हॉटेलातील सात-आठ मुलांसाठी मराठीचा वर्ग घेतला. त्या अनुभवावरून तीन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट बोलण्याच्या सरावाची. माणसासमोर चुकायला नवशिका लाजतो. लोक हसतील या भीतीने तो गप्प राहतो आणि वर्षे निघून जातात. यंत्रासमोर लाज नसते. "तू भाजीवाला हो, मी गिऱ्हाईक होतो. सोप्या मराठीत बोल. मी चुकलो तर वाक्य दुरुस्त करून हिंदीत कारण सांग," असे सांगितले की ते तासभर न कंटाळता बोलते. एकच वाक्य वीस वेळा विचारले तरी त्याचा आवाज चढत नाही. हा गुण आम्हा शिक्षकांत थोडा कमीच असतो.

दुसरी गोष्ट धडा तयार करण्याची. हॉटेलातील मुलाला पुस्तकातला 'माझा आवडता ऋतू' नको असतो. त्याला पगाराची चिठ्ठी, औषधाच्या गोळीचा कागद, बँकेची पैसे भरण्याची पावती, दस्तुरी नाक्यावरची सूचना वाचायची असते. असा कोरा नमुना यंत्राला दाखवून "यातले दहा शब्द निवड, त्यांचा हिंदी आणि उडिया अर्थ दे, पाच सोपी वाक्ये कर," असे सांगितले की पाच मिनिटांत कच्चा धडा हातात येतो. त्यावर आपण लाल शाई चालवायची. चुका निघतात. मराठीतली लिंगे चुकतात, 'तू' आणि 'तुम्ही' यांची सरमिसळ होते, कधी वाक्य इंग्रजीच्या वळणाने जाते. उडिया आपल्याला येत नाही, म्हणून तो भाग वर्गातल्या ओडिशाच्या मुलालाच तपासायला द्यायचा. त्या दिवशी तो शिक्षक होतो. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मी पाहिला आहे.

तिसरी गोष्ट अर्जाची. अर्जाचा मसुदा यंत्राने करावा. पण अर्जदाराला तो मोठ्याने वाचून दाखवावा आणि त्याने तो आपल्या शब्दांत सांगावा. जो अर्ज माणसाला समजलेला नाही, तो त्याचा अर्ज नव्हे.

हक्क, पैसा, औषध आणि कायदा यांबाबतचे उत्तर मात्र मूळ कागदाशी ताडून पाहिल्याशिवाय कोणालाही सांगू नये. २०२३ मध्ये 'जुगलबंदी' नावाची व्हॉट्सॲपवरील सेवा हरियाणातील बिवान गावात सुरू झाली. सरकारी योजनांची माहिती लोकांच्या भाषेत द्यावी आणि उत्तर शासकीय मजकुरातून शोधून काढावे, अशी तिची रचना होती. ही दिशा योग्य आहे, कारण तिथे यंत्राला कागदाच्या खुंटीला बांधलेले होते. आणि बँकेतला माणूस म्हणून हात जोडून सांगतो, आधार क्रमांक, खाते क्रमांक, ओटीपी या गोष्टी अशा यंत्रात कधीही लिहू नका आणि नवागताला लिहू देऊ नका. नवीन माणसाला फसवणारे त्याच्या भाषेतच बोलत येतात.

इथपर्यंत मराठी, हिंदी, उडिया अशा लिखित भाषांविषयी बोललो. भारत सरकारने जुलै २०२२ मध्ये 'भाषिणी' सुरू केली. आठव्या अनुसूचीतील २२ भाषांसाठी अनुवादाची आणि आवाज ओळखण्याची साधने तयार करणे हा तिचा हेतू आहे. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणारे ८ कोटी ३० लाख आहेत, त्यामुळे मराठीचे काम होईल. पण कातकरी मुलाचे काय? १ सप्टेंबर २०२५ रोजी आदिवासी कार्य मंत्रालयाने 'आदि वाणी' हे आदिवासी भाषांचे साधन प्रायोगिक स्वरूपात खुले केले. त्यात आरंभी संथाली, भिली, मुंडारी आणि गोंडी या भाषा घेतल्या. कातकरी त्यात नव्हती. ज्या भाषेत छापील मजकूर जवळजवळ नाही, ती यंत्राने ऐकलेलीच नसते. आणि न ऐकलेली भाषा विचारली तर ते मराठीच थोडी वाकडी करून देते. ते कातकरी नव्हे, कातकरीची नक्कल आहे.

याला उपाय आहे आणि तो आपल्याच राज्यात करून पाहिलेला आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात पालघर जिल्ह्यातील आदिवासी गावातले लोक, मुंबईच्या झोपडपट्टीतले लोक आणि आय.आय.टी.चे विद्यार्थी अशा ३६ जणांकडून साध्या मोबाईलवर १०९ तासांचे मराठी बोलणे ध्वनिमुद्रित केले गेले. बोलणाऱ्यांना त्या कामाचा मोबदला दिला गेला. साध्या माणसाचा आवाजही कामाचा असतो आणि त्याचे दाम होऊ शकते, हे त्यातून दिसले. कातकरी वाडीवरच्या आजीच्या गोष्टी, जंगलातल्या कंदांची नावे, पावसाचे शब्द हे सर्व तिच्या संमतीने आणि तिला मोबदला देऊन नोंदवता येईल.

इथे मला दोन गोष्टी आठवतात आणि दोन्ही माथेरानच्या आहेत. पहिली हुतात्मा भाई कोतवालांची. १९१२ साली ते इथेच जन्मले आणि १९४३ च्या जानेवारीत सिद्धगडावर हुतात्मा झाले. त्यांनी शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या आणि शिक्षणासाठी शाळा सुरू केल्या. धान्यकोठीचे तत्त्व काय? धान्य सर्वांचे आणि कोठीही सर्वांची, म्हणून अडल्या वेळी सावकाराच्या दारात जावे लागत नाही. शब्दांचेही तसेच आहे. आपण आपले शब्द परक्याच्या कोठीत भरले आणि किल्ली त्याच्याकडे राहिली, तर उद्या आपलेच शब्द आपल्याला विकत घ्यावे लागतील.

दुसरी गोष्ट हातरिक्षेची. ६ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने निकाल दिला. माणसाने माणसाला ओढणे हे मानवी प्रतिष्ठेच्या विरुद्ध आहे, म्हणून माथेरानमधील हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असे न्यायालयाने सांगितले. ते वाचताना मला वडिलांचे खांदे आठवले. पण त्या निकालात याहून पुढची गोष्ट आहे. नवे वाहन, म्हणजे ई-रिक्षा, खऱ्या हातरिक्षाचालकांच्या हाती द्यावी आणि उरलेल्यांत परिसरातील आदिवासी महिला व इतर गरजूंचा विचार व्हावा, असेही न्यायालयाने म्हटले. नवे यंत्र आले की जुना कष्टकरी बाजूला फेकला जातो, हा आजवरचा अनुभव. यंत्र कष्टकऱ्याच्या हाती द्या, असे इथे सांगितले गेले. भाषेच्या यंत्राच्या बाबतीत आपलीही मागणी हीच असली पाहिजे.

भगवान बुद्धांच्या काळातही भाषेचा प्रश्न उभा राहिला होता. विनयपिटकातील चुल्लवग्गात प्रसंग आहे. दोन ब्राह्मण भिक्खूंनी सुचविले की बुद्धवचन वेदांच्या छंदोबद्ध भाषेत घालावे. बुद्धांनी ते नाकारले आणि आपापल्या बोलीत धम्म शिकण्याची अनुज्ञा दिली. म्हणजे शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याच्या बोलीपर्यंत चालत जायचे. आणि कालामांना त्यांनी काय सांगितले ते आपण सर्व जाणतो. ऐकीव आहे म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका. आज त्यात 'मोबाईलने छान लिहून दिले म्हणून मानू नका' एवढे आपण जोडले तर तो त्या शिकवणुकीचाच अर्थ होईल.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक शब्द. निबंध आणि अर्ज यंत्र लिहून देईल, पण मुलाखतीला ते तुमच्या जागी बसणार नाही. बँकेच्या लिपिकाच्या नोकरीसाठीसुद्धा स्थानिक भाषेची परीक्षा असते. आपल्या बाबासाहेबांनी शेकडो कामांच्या धबडग्यात पाली भाषेचे व्याकरण आणि कोश यांवर परिश्रम घेतले, हे विसरू नका. भाषा स्वतःच्या कष्टाने शिकलेला माणूसच दुसऱ्याचे लिहिलेले तपासू शकतो. तुम्ही लिहायला शिकला नाहीत, तर तपासणार कोण?

शेवटी संस्थेपुढे एक सूचना ठेवतो. दर रविवारी विहारात दोन तास एक टेबल मांडावे. एक मोबाईल, एक नोंदवही आणि दोन माणसे, एवढेच भांडवल. नवागत येईल, आपला प्रश्न सांगेल. यंत्र मसुदा करील. एक सभासद तो मूळ कागदाशी ताडून पाहील आणि नोंदवहीत स्वतःची सही करील. उत्तर माहीत नसेल तर 'पुढच्या रविवारी सांगतो' असे स्पष्ट लिहील. चूक झाली तर त्या सहीच्या माणसाने नवागताबरोबर कचेरीत जाऊन ती निस्तरावी. पहिली सही करायला मी तयार आहे. माझ्यावर चार महिन्यांच्या धान्याचे कर्ज आहे.

माझे वडील आज नाहीत. पण कागद पुढे धरून "बघ रे, बरोबर लिहिलंय ना?" असे विचारणारी माणसे रोज माझ्या काउंटरवर येतात. यंत्राला हा प्रश्न विचारला तर ते 'होय' म्हणेल. तो प्रश्न त्यांनी आपल्याला विचारावा, आणि आपण तपासून उत्तर द्यावे, एवढीच माझी विनंती आहे.



जयभीम! नमो बुद्धाय!